मोटारीचा विमा आणि तिऱ्हाईत माणूस

विमा हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्या भाषेत ‘बीम’ म्हणजे भय. व्यापाऱ्याच्या मनातील भय ठरावीक मोबदला घेऊन दुसऱ्याने आपल्या शिरावर घ्यावयाचे, हा व्यवहार इंग्रजी कंपन्या येण्यापूर्वीही आपल्या लोकांस ठाऊक होता. माळव्यातील सराफ मालाची जोखीम पत्करीत आणि वाट जितकी बिकट तितका दर चढवीत. परंतु त्या विम्यात माणसे दोनच असत. ज्याचा माल तो, आणि जोखीम घेणारा तो. मोटारीच्या विम्याने या दोघांमध्ये एक तिसरा माणूस आणून उभा केला. मोटारविम्याचा सगळा इतिहास, आणि आज विमापत्र निवडताना गाडीवाल्याची जी तारांबळ उडते तीही, या तिसऱ्या माणसाभोवतीच फिरते.

आरंभी हा तिसरा माणूस कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. इंग्लंडात १८९६ साली मोटारगाड्यांना रस्त्यावर मोकळीक देणारा कायदा झाला. त्याच वर्षी १७ ऑगस्ट रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून मेली. मोटारीने बळी घेतलेली त्या देशातील ही पहिली पादचारी. चौकशीत ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय झाला आणि प्रकरण तेथेच मिटले. लॉइड्सच्या विमेकऱ्यांनी १९०४ साली मोटारीचा विमा प्रथम उतरविला. तेव्हा त्यांच्या हाताशी गलबतांच्या विमापत्रांचेच मसुदे होते आणि मोटार म्हणजे कोरड्या जमिनीवर चालणारे जहाज असे धरून त्यांनी काम भागविले, असे सांगतात. गोष्ट गमतीची आहे. पण तीत त्या काळचा दृष्टिकोन अचूक उतरला आहे. भय होते ते जहाजाचे, म्हणजे मालकाच्या मालमत्तेचे. जहाज ज्याच्या अंगावरून जाईल त्याचा विचार विमापत्रात प्रामुख्याने यावयास अजून पंचवीस वर्षे लागावयाची होती.

तो विचार आला तो एका अन्यायातून. पहिल्या महायुद्धानंतर गाड्या वाढल्या, अपघात वाढले. जखमी मनुष्य कोर्टात जाई, हुकूमनामाही मिळवी. पण मालकाजवळ पैसाच नसला तर तो कागद घेऊन करावयाचे काय? याहून चमत्कारिक प्रकार १९२८ साली इंग्लंडातील एका निकालाने उघडकीस आला. मोटार चालविणाऱ्या कंपनीचे दिवाळे निघाले होते. तिचा विमा होता आणि विमा कंपनीने पैसे दिलेही. परंतु ते सर्व धनकोंच्या सामाईक रकमेत जमा झाले. ज्याच्या जखमेपायी ते पैसे आले, तो इतर धनकोंबरोबर रांगेत उभा! १९३० साली पार्लमेंटने यावर दोन कायदे केले. एकाने अशा दुखावलेल्या माणसास थेट विमा कंपनीवर हक्क दिला. दुसऱ्याने १ जानेवारी १९३१ पासून तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा प्रत्येक गाडीवाल्यावर सक्तीचा केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने ही सक्ती १९२७ सालीच अमलात आणली होती.

हिंदुस्थानात १९१४ चा मोटार कायदा होता, पण विम्याची सक्ती त्यात नव्हती. ती १९३९ च्या कायद्याने आली. या कायद्याचा आठवा भाग केवळ तिऱ्हाइताच्या विम्यासाठी लिहिलेला होता. तो प्रत्यक्ष अमलात आला १ जुलै १९४६ रोजी, म्हणजे कायदा झाल्यावर सात वर्षांनी. शिवाय तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. हैदराबाद, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे या संस्थानांतून गाड्यांचे नियम ज्याचे त्याचे होते, आणि गोव्यात पोर्तुगीजांचा कायदा चाले. एकच एक नियम या सर्व प्रदेशांस लागू व्हावयास आधी संस्थानांचे विलीनीकरण आणि मग १९६१ ची गोवामुक्ती व्हावी लागली.

या आठव्या भागाने गाडीवाल्यापुढे प्रथमच निवड ठेवली. कायद्याने सांगितले तेवढेच घ्यावयाचे, की त्यापलीकडेही जावयाचे? पहिल्या प्रकारास व्यवहारात ‘ॲक्ट पॉलिसी’ किंवा नुसते ‘थर्ड पार्टी’ म्हणू लागले. दुसऱ्यास ‘फुल इन्शुरन्स’. नावे सुटसुटीत आहेत, पण फसवी आहेत. ‘थर्ड पार्टी’ म्हटले की आपण आणि विमा कंपनी सोडून उरलेले सारे जग, असा सामान्य माणसाचा समज होतो. कायद्याचा हिशेब तसा नव्हता. तो किती वेगळा होता हे कळावयास एका कुटुंबास सोळा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

१८ डिसेंबर १९६० रोजी नागपूरहून पांढुर्ण्यास एक मोटार निघाली होती. गाडी सरकी काढण्याच्या व गठ्ठे बांधण्याच्या धंद्यातील एका कंपनीची. चालवीत होता तिचा व्यवस्थापक. त्याने एका परिचिताला बरोबर घेतले होते. भाडे नाही, करार नाही. जाता जाता सोबत, इतकेच. वाटेत गाडी रस्त्याच्या उजव्या कडेच्या एका झाडावर अशी आदळली की झाड मुळातून हलले. तो सोबती मरण पावला. त्याच्या पत्नीने व मुलांनी भरपाई मागितली.

प्रश्न तीन होते. चूक चालकाची, हे सिद्ध कसे करावयाचे? पाहणारा कोणी नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २५ मार्च १९७७ रोजी म्हटले की सरळ रस्ता सोडून गाडी पलीकडच्या झाडावर जाऊन आदळते, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे; चूक नव्हती हे आता चालविणाराने दाखवावे. दुसरा प्रश्न मालकाचा. व्यवस्थापकाने मित्राला गाडीत घेतले ते कंपनीच्या कामासाठी नव्हे, मग कंपनीने का भरावे? उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर कंपनीस मोकळे केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरविले. गाडी कंपनीच्या कामावर होती, चालविणारा कंपनीचा नोकर होता, तेव्हा जबाबदारी कंपनीची. येथवर सर्व त्या विधवेच्या बाजूचे झाले. तिसरा प्रश्न विम्याचा, आणि तेथे मात्र कायद्याची अक्षरे आड आली. भाड्याने नेलेला उतारू किंवा नोकरीच्या करारामुळे गाडीत बसलेला माणूस यांच्यासाठी विमा सक्तीचा आहे. खासगी गाडीत फुकट, मैत्रीखातर बसलेल्यासाठी नाही, असा न्यायालयाने निर्वाळा दिला. न्यायाधिकरणाने ठरविलेली भरपाई होती ३१ हजार रुपयांच्या वर. मालकाने कायद्यापलीकडे जाऊन प्रवाशांसाठी थोडे जादा संरक्षण विकत घेतले होते, त्याची मर्यादा १५ हजार. तेवढेच विमा कंपनीवर बसले, उरलेले मालकावर.

म्हणजे रस्त्याने चालणारा अनोळखी मनुष्य विम्याच्या छत्राखाली, आणि ज्याला आग्रहाने ‘या, बसा’ म्हणून शेजारी बसविले तो बाहेर! कायदा करणाऱ्यांच्या मनात यात विसंगती नसावी. रस्त्यावरच्या माणसाला कोणती गाडी अंगावर येणार हे निवडता येत नाही. गाडीत बसणारा आपखुशीने बसतो. तर्क बरोबर आहे. पण दर दिवाळीला बेळगावहून पणजीला किंवा इंदूरहून देवासला नातलगांना गाडीत कोंबून नेणाऱ्या गृहस्थाला हा तर्क कोणी समजावून सांगितला होता?

त्याच १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात म्हटले की चालकाची चूक सिद्ध झाल्यावाचून भरपाई नाही. यावर बरीच टीका झाली. १९८२ साली कायदा दुरुस्त होऊन चूक असो वा नसो, मृत्यूसाठी १५,००० व कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याची तजवीज झाली. पुढे १९८८ चा नवा मोटार कायदा १ जुलै १९८९ पासून आला. हे आकडे वाढत गेले आणि १ एप्रिल २०२२ पासून चूक न पाहता द्यावयाची रक्कम मृत्यूसाठी ५ लाख व भारी दुखापतीसाठी अडीच लाख झाली. ठोकर मारून पळून गेलेल्या गाडीच्या बळींसाठी वेगळी तरतूद आहे. मृत्यूस २ लाख.

आता गाडीवाल्याकडे वळावयास हरकत नाही. १९५० ते २००६ या दीर्घ काळात त्याने निरनिराळ्या कंपन्यांचे दर ताडून पाहिले असते तर त्याच्या पदरी फारसे काही पडले नसते. कारण दर ठरवीत ती दरसमिती, आणि तिने छापलेले दरपत्रक सर्वांस बंधनकारक असे. १९७१ साली सरकारने सर्वसाधारण विम्याचा कारभार हाती घेतला आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्था चार कंपन्यांत सामावल्या. कलकत्त्यास नॅशनल, मुंबईस न्यू इंडिया, दिल्लीस ओरिएंटल, मद्रासेस युनायटेड इंडिया. चारही ठिकाणी हप्ता तोच. मग लोक कंपनी निवडीत ती कशावरून? ज्या कचेरीचा एजंट ओळखीचा, किंवा जी कचेरी घराजवळ. त्या परिस्थितीत ही निवड अगदीच वेडगळ म्हणता येणार नाही, कारण अपघातानंतर खेटे त्याच कचेरीत घालावयाचे असत.

या दरपत्रकाचा एक मासला मौजेचा आहे. २००२ च्या पत्रकात देशाचे दोन विभाग पाडले होते. खासगी मोटारींसाठी ‘अ’ विभागात अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली व पुणे ही आठ शहरे. ‘ब’ विभागात उरलेला सारा देश. हैदराबादच्या मराठी गृहस्थाची १००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची नवी गाडी असेल तर दर शेकडा ३.१२७, तीच गाडी ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव वा मडगाव येथे असेल तर ३.०३९. चार लाखांच्या गाडीवर फरक साडेतीनशे रुपयांचा. शहरातील गर्दीची ही किंमत!

त्याच पत्रकाने एका जुन्या भांडणाचाही निकाल लावला. पूर्वी गाडीची किंमत मालक आपल्या अंदाजाने सांगे. तो हप्ता त्या किमतीवर भरी. पण गाडी चोरीस गेली म्हणजे कंपनी म्हणे, ‘बाजारात आज इतकीच किंमत आहे.’ दोहोंत जी कमी ती हातात पडे. २००२ पासून किंमत आधीच ठरू लागली. गाडीच्या कारखान्याच्या विक्रीभावातून वयाप्रमाणे घट करावयाची. सहा महिन्यांपर्यंत शेकडा ५, वर्षापर्यंत १५, मग दरसाल २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षाअखेर ५०. ही ‘विमाघोषित किंमत’, जिला सर्व लोक ‘आयडीव्ही’ म्हणतात. गाडी चोरीस गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या तीन चतुर्थांशाहून अधिक झाला, म्हणजे हीच रक्कम मिळावयाची.

१ जानेवारी २००७ रोजी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर मोकळे झाले आणि कंपन्या एकमेकींहून स्वस्त होऊ लागल्या. तिऱ्हाइताच्या विम्याचा दर मात्र सरकारी ठरावानेच राहिला. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या ठरावात १००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीस २,०९४, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावरील गाडीस ७,८९७ रुपये. हा आकडा कोणत्याही कंपनीकडे तोच असावयाचा. तेव्हा तुलना करावयाची ती उरलेल्या भागाची, आणि तेथेच हिशेबाच्या खाचाखोचा आहेत.

स्वस्ताईची पहिली युक्ती म्हणजे घोषित किंमत खाली ओढणे. शेकडा तीन या जुन्या दराने पाहिले तर किंमत ५०,००० रुपयांनी कमी धरल्यास हप्ता दीड हजाराने उतरतो. गाडी चोरीस गेली तर पन्नास हजार बुडतात. दुसरी युक्ती ‘पहिले इतके नुकसान मी सोसेन’ असे लिहून देण्याची. २००२ च्या पत्रकात अडीच हजार सोसणाऱ्यास शेकडा २० सूट होती, पण ती ७५० रुपयांपलीकडे जात नसे. पंधरा हजार सोसणाऱ्यास शेकडा ३५, कमाल २,५००. म्हणजे अडीच हजारांसाठी पंधरा हजारांची जोखीम. सावध चालविणाऱ्यास हा सौदा परवडेलही. पण शेकडेवारी पाहून भुलणाऱ्याने ती कमाल मर्यादा वाचलेली नसते.

तिसरी गोष्ट ‘नो क्लेम बोनस’ची. वर्षभर भरपाई न मागणाऱ्यास पुढल्या हप्त्यात शेकडा २०, दोन वर्षांनी २५, तीन वर्षांनी ३५, चारांनी ४५ व पाचांनी ५० सूट मिळते. ही सूट गाडीची नव्हे, माणसाची. गाडी विकून नवी घेतली तरी ती मालकाबरोबर जाते. मात्र मुदत संपून नव्वद दिवस गेले की ती बुडाली. एकदा भरपाई मागितली की शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून. समजा, पन्नास टक्क्यांवर पोहोचलेल्या माणसाचा स्वतःच्या गाडीपुरता मूळ हप्ता आठ हजार आहे आणि तो तसाच राहतो. त्याने दाराला पडलेल्या पोच्याचे चार हजार मागितले, तर पुढील पाच वर्षांत त्याला अनुक्रमे शेकडा ५०, ३०, २५, १५ व ५ इतकी सूट कमी मिळेल; बेरीज १२५, म्हणजे दहा हजार रुपये. चार हजारांसाठी दहा हजार! गॅरेजवाला ‘क्लेम टाका की’ म्हणतो तेव्हा हा हिशेब तो सांगत नाही, आणि सांगण्यात त्याचे हितही नाही.

‘फुल इन्शुरन्स’ या नावाचा भ्रमही असाच. अपघातात रबर, प्लॅस्टिक, नायलॉनचे भाग गेले तर प्रमाणित विमापत्राप्रमाणे त्यांची निम्मीच किंमत मिळते; फायबरग्लासवर शेकडा ३० घट, काचेवर काही नाही. आजच्या गाडीचा पुढला भाग बहुतेक प्लॅस्टिकचाच, तेव्हा ही निम्मी कपात चांगलीच बोचते. ती टाळण्यासाठी जादा हप्ता घेऊन जे कलम विकतात त्याला बाजारात ‘झिरो डेप’ म्हणतात. पाण्याचेही तसेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. पुराचे नुकसान विम्यात येते. पण बुडालेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीत इंजिन मोडले तर ते ‘परिणामी नुकसान’ ठरवून कंपन्या हात झटकतात. नव्या गाडीस झिरो डेप आणि सखल वस्तीत राहणाऱ्यास इंजिनाचे कलम घेणे शहाणपणाचे. दहा वर्षांच्या गाडीवर दोन्ही लादणे बहुधा फुकट खर्च.

हे सर्व पैशांचे झाले. माणसांचे काय? खासगी गाडीत बसलेल्यांविषयीचा घोळ पुढेही अनेक वर्षे चालला. नोव्हेंबर २००९ मध्ये विमा प्राधिकरणाने कंपन्यांना बजावले की संपूर्ण विमापत्रात गाडीतील माणसांविषयीचे दायित्व येते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद पक्का केला. नुसत्या ‘ॲक्ट पॉलिसी’त खासगी मोटारीतील सोबती येत नाही, संपूर्ण विमापत्रात येतो. नागपूर-पांढुर्णा रस्त्यावर उभा राहिलेला प्रश्न पन्नास वर्षांनी या वाक्यात येऊन थांबला.

उसनी गाडी घेणाऱ्याची गोष्ट याहून कठीण. कर्नाटकातील एक मनुष्य दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन निघाला आणि पुढे चाललेल्या बैलगाडीवर आदळून मेला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उसनी गाडी चालविणारा मालकाच्याच जागी उभा राहतो; तो तिऱ्हाईत नव्हे, तेव्हा चूक न पाहता मिळणारी भरपाई त्याच्या वारसांना मागता येत नाही. खुद्द मालक चालवीत असेल तर त्याला आधार एकच, मालक-चालकाचा व्यक्तिगत अपघात विमा. मोटारीसाठी त्याची रक्कम पूर्वी दोन लाख असे; २०१८ साली ती पंधरा लाख झाली.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबरपासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा तिऱ्हाईत विमा एकदम घेणे भाग पडले, कारण पहिले वर्ष संपले की पुष्कळजण विमा चालूच ठेवीत नसत. पुढल्या सप्टेंबरपासून स्वतःच्या नुकसानीचे विमापत्र वेगळ्या कंपनीकडून घेण्याचीही मोकळीक झाली. आता एकाच गाडीच्या कप्प्यात दोन कंपन्यांची दोन कागदपत्रे असू शकतात. संपूर्ण विमापत्रातील दायित्वाच्या कलमात ‘गाडीत बसलेल्यांसह’ असे शब्द असतात. नुसत्या तिऱ्हाईत विम्याच्या कागदावर त्या जागी ‘कायद्याच्या आवश्यकतेपुरते’ एवढेच असते. दोन स्वस्त कागद एकत्र केले म्हणजे एक संपूर्ण विमा झाला, असे समजणाऱ्याने हे कलम काढून पाहावे, आणि शेजारी बसणाऱ्यासाठी तेथे काही लिहिलेले नसेल तर प्रवाशांच्या अपघाताचे जादा कलम जोडून मागावे. त्याचा हप्ता सहसा एका टाकीच्या पेट्रोलाइतकाही नसतो.